लॉन कापण्याच्या धंद्यात खताचं काम घ्यायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुळे सोलापूर आणि विजापूर रोड मिळून बावीस बंगल्यांचं लॉन तुम्ही कापता. एक पेट्रोलचं कटिंग मशीन, एक ब्रश कटर, हाताखाली दोन माणसं. महिन्याचे ठरलेले पैसे घेता. आता निम्मे ग्राहक म्हणतात, "कापताय तसं खत पण तुम्हीच टाका की." तेव्हा हे काम घ्यावं का, किती घ्यावेत, परवाना लागतो का, आणि खत टाकायचं ढकलगाडीसारखं स्प्रेडर मशीन आत्ताच घ्यावं का?

मी अठरा वर्षं याच शहरात बागांची देखभाल करतो. पहिली काही वर्षं नुसतं कापायचो, मग खत सुरू केलं. एका उन्हाळ्यात हात पोळल्यावर वर्षभर बंद ठेवलं आणि नंतर नीट बसून पुन्हा सुरू केलं. त्यामुळे उत्तर "घ्या" असंच आहे, पण त्याला बऱ्याच अटी आहेत.

पहिली गोष्ट, ग्राहक खत मागतोय असं तुम्हाला वाटतंय. तो खत मागत नाही, तो हिरवं मागतोय. सोलापुरात लॉन पिवळं पडायची जी कारणं मी रोज बघतो, त्यातल्या निम्म्याहून जास्त ठिकाणी गोणीतल्या खताने काही होत नाही. कुठे पाणी कमी आहे, कुठे बोअरचं पाणी खारं आहे, कुठे ब्लेडला धार नसल्याने पातीची टोकं चिंधीसारखी फाटून पांढरी पडली आहेत (हे आपलंच पाप), कुठे मातीत हुमणी (मुळं खाणारी अळी) आहे. हुमणीचा पट्टा मुठीत धरून ओढला तर गालिच्यासारखा उचलला जातो, कारण खाली मुळंच उरलेली नसतात. तिथे तुम्ही खत टाकलं, दोनशे रुपयांचं साहित्य गेलं, आणि पंधरा दिवसांनी ग्राहक म्हणतो, "तुमच्या खतानं अजूनच वाळलं." म्हणून खताचं काम घेणार असाल तर त्यातलं पहिलं काम बघण्याचं आहे.

बघायचं कसं? गुडघे टेकून चार पाती तोडा. खालची, जुनी पानं आधी पिवळी झाली असतील आणि सगळं गवत फिकट दिसत असेल तर नत्र (नायट्रोजन) कमी आहे. उलट शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि त्यात उभ्या हिरव्या रेषा दिसत असतील तर ते लोह आहे. आपल्याकडे हे दुसरं फार. काळी, चुनखडीची जमीन, सामू (पीएच) आठच्या आसपास, वरून बोअरचं जड पाणी. लोह जमिनीत असतं, पण गवताला उचलता येत नाही. अशा लॉनवर लोक वर्षानुवर्षं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद म्हणजे फॉस्फरस आणि पालाश म्हणजे पोटॅश, तिन्ही १९ टक्के असलेलं खत) टाकत राहतात. त्यातला स्फुरद साठत जातो आणि लोह आणखी अडतं. मग पुन्हा पिवळं, पुन्हा १९:१९:१९.

लोहाला मी हिराकस (फेरस सल्फेट) फवारतो. लिटरला पाच ग्रॅम हिराकस आणि एक ग्रॅम सायट्रिक ॲसिड, ऊन उतरल्यावर. आठवड्याच्या आत रंग फिरतो आणि ग्राहक खूश होतो. पण हा फवारा पानापुरता. नवी पानं आली की परत करावा लागतो, हे त्याला आधीच सांगून ठेवायचं. जमिनीतून द्यायचं तर ईडीडीएचए प्रकारातलं चिलेट (लोह गवताला उचलता येईल असं धरून ठेवणारं संयुग) घ्या, ईडीटीए आपल्या सामूला टिकत नाही. पहिलं महाग आहे, म्हणून मी ते पैसे देणाऱ्या ग्राहकापुरतंच ठेवलंय.

हिराकसवरून माझा हात कसा पोळला ते सांगतो. एका डॉक्टरांच्या बंगल्यात लॉनला लागून पांढऱ्या संगमरवराची पायवाट होती. आमच्या पोराने पंप मारला, वाऱ्याने तुषार फरशीवर गेले. त्या दिवशी काहीच दिसलं नाही. दोन दिवसांनी फोन आला. जाऊन बघतो तर फरशीभर तांबूस ठिपके, कुणी पान खाऊन लांबून फुंकर मारावी तसे. लिंबू झालं, बाजारातली दोन-तीन क्लीनर झाली, शेवटी पॉलिशवाला बोलावून माझ्या खिशातून घासून घेतलं. तीन महिन्यांची कमाई त्या पायवाटेवर गेली. तेव्हापासून फवारणीआधी फरशी पाण्याने भिजवायची, कडेला पुठ्ठा धरून चालायचं आणि संपल्या संपल्या फरशी धुवायची. वारा असेल तर पंप गाडीतून उतरवायचाच नाही.

आता मुख्य मुद्दा, पाणी. सोलापुरात खताच्या कामाचं सगळं वेळापत्रक नळावर ठरतं. हिशेब बघा. लॉनचा हिशेब मी गुंठ्यातच धरतो. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, साधारण १०० चौरस मीटर. दाणेदार खत टाकल्यावर ते पानावरून उतरून मुळाशी जायला निदान सहा मिलिमीटर पाणी लागतं. म्हणजे गुंठ्याला ६०० लिटर. दोन गुंठ्यांच्या लॉनला १२०० लिटर, तेही लगेच, त्याच दिवशी. गच्चीवरची टाकी हजार लिटरची, आणि नळ चार-पाच दिवसांआड. घरातली बाई तुम्हाला धुण्याचं पाणी लॉनवर ओतू देणार आहे का? नाही देणार, आणि तिचं बरोबर आहे.

पाणी अर्धवट पडलं तर दोन गोष्टी होतात. पानाला चिकटलेले दाणे पान जाळतात. आणि युरियासारखं खत असेल तर त्यातला नत्र आपल्या चोपण-चुनखडीच्या मातीवरून, उन्हात, अमोनिया होऊन हवेत जातो. उग्र वास येतो ना, तो ग्राहकाचा पैसा उडाल्याचा वास. म्हणून ग्राहकाला पहिला प्रश्न "लॉन किती मोठं?" हा नाही, "पाणी कधी येतं आणि बोअर आहे का?" हा विचारा. बोअर असेल तर पाण्यातले क्षार मोजणारं खिशातलं टीडीएस मीटर बुडवून बघा. काही शे रुपयांत मिळतं, तुम्ही घेण्याच्या यादीत ते स्प्रेडरच्या आधी हवं. आकडा दीड हजाराच्या वर गेला की मी दाणेदार खताचा डोस अर्ध्यावर आणतो आणि पालाशसाठी म्युरेट (पोटॅशियम क्लोराइड) तर वापरतच नाही. आधीच क्षार आहेत, त्यात क्लोराइडची भर कशाला.

वर्षात किती वेळा? बाहेरगावचे लोक दर महिन्याचं पॅकेज विकतात. आपल्या हवेत ते लबाडीचं होईल. इथे लॉन म्हणजे हरळीच्या कुळातलं सिलेक्शन वन किंवा मेक्सिकन. दोन्ही उन्हाळी जातीची, ऊब आणि ओल दोन्ही असेल तेव्हाच वाढणारी. मी चार डोस करतो. पहिला मृगाचा पाऊस जमिनीत मुरल्यावर. दुसरा ऑगस्टमध्ये, एखादी उघडीप बघून. तिसरा परतीचा पाऊस आटोपला की, ऑक्टोबरात. आपल्याकडे खरा पाऊस सप्टेंबरचा, तेव्हा टाकलेलं खत गटारात जातं, म्हणून तो महिना सोडतो. संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरलेली असते तेव्हा लॉन झोपलेलं असतं, त्याला उठवू नका. चौथा डोस फेब्रुवारीच्या मध्याला, थंडी सरल्यावर. मार्चअखेर ते मे नत्र बंद. पारा बेचाळीसच्या पुढे आणि पाणी टँकरचं, अशा वेळी गवताला वाढायला लावणं म्हणजे दुष्काळात पाहुणे बोलावणं. त्या दिवसांत फक्त कापायची उंची वाढवा.

डोस किती, यात लोक सगळ्यात जास्त चुकतात, कारण निम्म्या बंगलेवाल्यांची मोहोळला नाहीतर बार्शीला शेती असते आणि उसाचा हात लॉनवर चालतो. गुंठ्याला एका वेळी साडेचारशे ते पाचशे ग्रॅम शुद्ध नत्र ही माझी वरची हद्द. १९:१९:१९ मध्ये ते अडीच किलो होतं, अमोनियम सल्फेटमध्ये सव्वादोन, युरियात जेमतेम एक किलो. मी कधीच हद्दीपर्यंत जात नाही, निम्म्यावर थांबतो. एका मालकांनी शेतावरची गोणी आणून आमच्या माघारी मुठीमुठीने युरिया फेकला होता. आठवड्याने लॉनवर जळके गोल दिसायला लागले, प्रत्येक गोल एका मुठीचा. कुठे उभं राहून फेकलं तेही सांगता आलं असतं.

अमोनियम सल्फेट मला आपल्या मातीला जास्त मानवतं. नत्रासोबत गंधक मिळतं आणि मुळाजवळचा सामू थोडा खाली येतो. वर्षातून एक डोस १९:१९:१९ चा, बाकीचे याचे, असं माझं चालतं. पालाश आपल्या काळ्या मातीत मुळातच बरा असतो. पण तुमचे ग्राहक नवे बंगलेवाले असतील तर लॉन बहुतेक बाहेरून आणलेल्या लाल मातीवर घातलेलं असेल, खाली मुरूम. अशा दोन-तीन इंचांच्या थरात अन्न टिकत नाही, तिथे डोस आणखी लहान आणि जास्त वेळा. स्क्रूड्रायव्हर खुपसून बघा, कुठे अडतो ते. शंका असलेल्या दोन-चार लॉनची माती कृषी विभागाच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत द्या. सगळ्या बावीस नमुन्यांची गरज नाही, एका कॉलनीची माती सहसा एकाच वळणाची निघते.

शेणखताबद्दल एकच: ताजं किंवा अर्धकच्चं कधीच नको. गाजर गवतासारख्या तणांचं बी त्यातूनच येतं, आणि हुमणीलाही ते आवडतं. गांडूळखत चाळून, कोरडं, पातळ थराने द्या. मंगल कार्यालयाचं लॉन असेल तर लग्नाच्या तारखा बघून. त्या लॉनला तसंही खतापेक्षा भोकं पाडून वाळू भरायची जास्त गरज असते, पण तो वेगळा विषय आहे.

परवान्याचं. खत विकत घेऊन ग्राहकाच्या लॉनवर वापरणं आणि खत विकणं यात फरक ठेवा. पिशव्या भरून, लेबल लावून ग्राहकाला खत विकायला लागलात की तुम्ही विक्रेते झालात, आणि खत नियंत्रण आदेश १९८५ प्रमाणे त्याला कृषी विभागाचं अधिकारपत्र लागतं. त्यामुळे बिलावर "लॉन पोषण सेवा, साहित्यासह" असं एकच काम लिहा, सुटं खत कुणाला देऊ नका. दुसरं, अनुदानाचा युरिया. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते म्हणून मोह होतो. पण ती शेतीसाठी आहे, दुकानात ई-पॉस मशीनवर आधार लावून दिली जाते. नात्यातल्या कुणाच्या आधारवर गोणी उचलून धंद्यात वापरायची, या फंदात पडू नका. वाचणार किती? गुंठ्यामागे अर्धा किलो युरिया लागतो, म्हणजे चहाच्याही पैशाचा प्रश्न नाही. बाकीच्या खतांबाबतही दुकानदाराला लॉनसाठी हवंय हे उघड सांगून पक्कं बिल घ्या.

आणि तणनाशक. खत सुरू केलं की पुढच्याच महिन्यात ग्राहक म्हणेल, "लव्हाळ्यावर काहीतरी मारा." तणनाशक काय, कीटकनाशक काय, दोन्ही कीटकनाशक कायदा १९६८ खाली येतात, आणि पैसे घेऊन दुसऱ्याकडे फवारणी करायची तर त्याचा परवाना वेगळा आहे. तो काढेपर्यंत स्पष्ट नाही म्हणा. शिवाय एकदा तणनाशक भरलेला पंप खताला वापरला तर काय होतं ते मी दुसऱ्याच्या लॉनवर बघितलंय. पंप दोन ठेवा, रंग वेगळे.

आता पैशाचं, कारण खरा धोका तिथे आहे आणि तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेखच नाही. तुम्ही कापायचे महिन्याचे ठरलेले पैसे घेता. खत टाकलं की गवत वाढणार. पावसाळ्यात जिथे दहा दिवसांनी कापायचात तिथे सहाव्या दिवशी जावं लागेल. म्हणजे खताच्या डोसमागे तुम्ही दोन-तीनशे कमावणार आणि कापण्यात त्याहून जास्त घालवणार. माझं एक अख्खं वर्ष असं गेलं, आणि दिवाळीत वही उघडली तेव्हा कळलं. आधी कापण्याचा दर फेरीवर आणा, मगच खताचं बोला. ग्राहक कुरकुरेल. त्याला सांगा की उन्हाळ्यात फेऱ्या कमी होतील तेव्हा पैसेही कमी होतील. बहुतेकांना ते पटतं.

खताच्या फेरीचा माझा हिशेब दोन गुंठ्यांच्या लॉनला असा: साहित्य तीनशेच्या आसपास, दोन माणसांचा पाऊण तास दोनशे, पेट्रोल आणि झीज सत्तर-ऐंशी. पावणेसहाशे खर्च, नऊशे घेतो. एका गुंठ्याला निम्मे होत नाहीत, कारण जाणं-येणं तेवढंच आहे. म्हणून सहाशेच्या खाली गाडी काढायची नाही, अगदी दारापुढची पट्टी असली तरी. लोहाची फवारणी वेगळी लावतो. एकाच गल्लीतले चार ग्राहक एका सकाळी धरले तर पेट्रोल वाचतं, पण त्यांचा नळ एकाच दिवशी येतो हे त्याहून मोठं. मी तर ग्राहकांची यादी नावाने नाही, पाण्याच्या वारानेच लावलेली आहे.

स्प्रेडर आत्ता नको. दोन गुंठ्यांच्या लॉनवर, मधे झोपाळा, कडेला कुंड्या, तिथे ते मशीन वळवेपर्यंत हाताने काम होतं. दहा-बारा गुंठ्यांचं कारखान्याचं किंवा कॉलेजचं काम मिळालं की घ्या. तोपर्यंत खत वजन करून त्याच्या चौपट-पाचपट कोरड्या चाळलेल्या वाळूत मिसळा म्हणजे मूठ भरायला माल होतो. त्याचे दोन सारखे भाग करा. एक भाग उभा चालत टाका, दुसरा आडवा चालत. असं केलं तर पट्टे पडत नाहीत. माझ्याकडचे अण्णा सुरुवातीला डोळ्यांच्या अंदाजाने टाकायचे, आणि तीस वर्षांचा अनुभव असल्याने ऐकायचे नाहीत. एकदा अंगणात दहा बाय दहाची ताडपत्री अंथरली, त्यांना म्हटलं यावर टाका, आणि मग गोळा करून काट्यावर ठेवलं. ठरल्याच्या दुप्पट भरलं. अण्णा काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशीपासून काटा तेच गाडीत ठेवायला लागले. तुमच्या दोघांनाही आधी ताडपत्रीवर टाकायला लावा. पानावर दव असताना दाणेदार खत टाकायचं नाही, आणि पाणी देऊन सुकेपर्यंत मुलं नि कुत्रं लॉनवर नकोत, एवढं त्यांच्या डोक्यात बसलं तरी पुष्कळ.

टाकण्याआधी लॉनचे चार फोटो काढून ग्राहकाला व्हॉट्सॲपवर पाठवा, आणि खाली लिहा: आज काय टाकलं, किती, पाणी किती वेळ द्यायचं. हे वाद टाळण्यासाठी आहे. संध्याकाळी पाणी देणारी माणसं मालक नसतात, घरकाम करणाऱ्या मावशी असतात, आणि तो मेसेज त्यांच्यापर्यंत पोचला की काम होतं.

तुम्ही एप्रिल संपताना विचारताय हे चांगलं झालं, कारण मृगापर्यंत तुम्हाला एक दाणाही टाकायचा नाहीये. बावीसमधले पाच-सहा ग्राहक निवडा, ज्यांच्याकडे पाणी भरवशाचं आहे आणि जे फोनवर नीट बोलतात. बाकीच्यांना यंदा थांबवा. त्या पाच-सहा जणांकडे टेप घेऊन जा आणि लॉन स्वतः मोजा. मालक तीन गुंठे सांगतात तो प्लॉट असतो. घर, पार्किंग आणि तुळशीचा कट्टा वजा केल्यावर गवत सव्वा गुंठाच भरतं.